‘नोकरी सोडण्याची तयारी आहे का?’ : कोकणातल्या वधू-वर मंडळांना खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व कार्यकर्ते,

सप्रेम नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातली एक बाई. खाडीपासून थोडं वर आमचं घर आणि घरामागे सड्यावर हापूसची कलमं. माझी दोन मुलं लग्नाची आहेत. मुलगा ३१ वर्षांचा, मुलगी २७ वर्षांची. मुलाला गेल्या चार वर्षांत ११ ठिकाणांहून नकार आला, कारण त्याला नोकरी नाही. मुलीला गेल्या वर्षभरात ४ ठिकाणांहून नकार आला, कारण तिला नोकरी आहे. एकाच ताटातलं जेवून वाढलेली ही भावंडं. दोघांनाही काम येतं, दोघंही मन लावून करतात आणि दोघांचंही काम लग्नाच्या आड येतं. रात्री झोप येत नाही तेव्हा मी याच गोष्टीचा विचार करत पडलेली असते. म्हणून शेवटी हे पत्र लिहायला घेतलं.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी मेळावा झाला, त्याला आम्ही चौघंही आलो होतो. कोणत्या मंडळाचा ते लिहीत नाही, कारण माझं म्हणणं कुणा एका मंडळापुरतं नाही. रत्नागिरीचे, कणकवलीचे, मुंबईतून चालणाऱ्या आपल्या मंडळांचे फॉर्म मी भरलेत आणि ते सगळे एकाच साच्यातले आहेत. तुम्ही कार्यकर्ते पदरमोड करून, रविवार घालवून हे काम करता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उन्हातून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना कोकम सरबत हातात देणारी तुमचीच मुलं होती. तेव्हा हे पत्र रागाने लिहिलेलं नाही. पण वाईट वाटलंय, आणि ते तसंच सांगणार आहे.

मुलांचा फॉर्म पांढऱ्या कागदावर होता, मुलींचा गुलाबी. मुलांच्या फॉर्मवर नोकरी की व्यवसाय, कंपनीचं नाव, वार्षिक उत्पन्न, मुंबई-पुण्यात स्वतःची जागा आहे का, असे रकाने. मुलींच्या फॉर्मवर शिक्षण, उंची, वर्ण, मग ‘नोकरी असल्यास कोठे’ आणि त्याच्या खाली एक ओळ : ‘लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी आहे का? हो / नाही.’ माझ्या मुलीचं पेन त्या ओळीवर येऊन थांबलं. ती काही बोलली नाही. ‘नाही’वर तिने गोल केला, आणि तो गोल नीट दिसत नाही असं वाटून पुन्हा त्याच्यावरून पेन फिरवलं. मी मुलाचा फॉर्म हातात घेऊन ती ओळ त्याच्यावर कुठे आहे का, ते दोनदा शोधलं. नव्हती.

मग माईकवर तिचं नाव पुकारलं. ‘शिक्षण बारावी, डी.एड., उंची पाच फूट दोन इंच, रंग गोरा, स्वभावाने शांत, गृहकृत्यदक्ष.’ संपलं. नोकरीचा रकाना वाचलाच नाही. जेवणाच्या वेळी मी निवेदन करणाऱ्या दादांना गाठून विचारलं. ते म्हणाले, ‘वहिनी, मी मुद्दाम गाळला. सरकारी नोकरी आणि तीही इकडेच म्हटलं, की मुंबईची स्थळं मागे सरतात. तुमच्या भल्यासाठीच केलं.’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, याची मला खात्री आहे. मुलाचं वाचताना ‘व्यवसाय शेती’ एवढंच म्हटलं आणि समोरच्या चार-पाच रांगांत आपापसात बोलणं सुरू झालं. पुढचं कुणी ऐकलं नाही.

आता ती नोकरी काय आहे, ते सांगते. मुलीने डी.एड. केलं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा दिली, २०२३ ची अभियोग्यता चाचणी दिली, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचे पसंतीक्रम भरले आणि २०२४ साली जिल्हा परिषदेच्या शाळेवर तिची नेमणूक झाली. वाडीवरची शाळा, पहिली ते चौथी, पट १४, शिक्षक दोन. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६,००० मानधन, मग पूर्ण वेतन. तिची तिसऱ्या वर्षाची शाळा सुरू आहे. तिच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला तिसरीत आला तरी अक्षर लागत नव्हतं. आई-बाप चिऱ्याच्या खाणीवर कामाला, एका गावात टिकणं नाही. ही त्याला रोज शाळा सुटल्यावर तिठ्यावर घेऊन उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येक एसटीची पाटी वाचायला लावायची. श्रावणात सुरुवात केली होती. शिमग्याच्या आधी एका संध्याकाळी गाडी वळणावर दिसली आणि पोराने लांबूनच ओरडून गावाचं नाव वाचलं. त्या रात्री घरी येऊन माझी मुलगी जेवली नाही, नुसती बोलत होती.

तिला बघायला आलेल्या एका बाईंनी माझ्याच ओटीवर बसून म्हटलं, ‘सोळा हजारच ना? तेवढे आमचा मुलगा तिला घरबसल्या देईल.’ मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, चांगला वाटला, मान खाली घालून बसला होता. तो जर त्या वेळी एक वाक्य बोलला असता तर कदाचित पुढे काही जमलंही असतं. ‘तिकडे एखाद्या शाळेत मिळेल काहीतरी,’ असंही त्या म्हणाल्या. जिल्हा परिषदेतल्या शिक्षकाला जिल्हा बदलून मिळणं किती अवघड असतं, हे त्यांना माहीत नसेल. पण विचारायला हवं होतं. ज्या नोकरीसाठी मुलगी पाच वर्षं अभ्यास करते, ती ‘काहीतरी’ नसते.

मग जोडीदार निवडताना त्याचं काम बघावं की नाही? समंजस माणसं मला सांगतात, काम बघू नये, पगार बघू नये, माणूस बघावा. मला हे पटत नाही. काम सोडून उरलेला माणूस बघायचा म्हणजे काय बघायचं? जागेपणीचा निम्मा दिवस माणूस ज्यात घालवतो, ज्याच्यामुळे त्याचे हात, पाठ, मिजास, झोपायची वेळ ठरते, ते बाजूला ठेवून कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात स्वभाव कुणाला कळतो? मला विचाराल तर काम बघाच. नीट बघा. आता बघता त्याच्या दसपट बघा. माझं भांडण आहे ते आपण कामाच्या नावाखाली पगार आणि पत्ता एवढंच बघतो याच्याशी, आणि तेसुद्धा फक्त मुलाचं.

हे मी कुठे शिकले, ते सांगण्यासाठी थोडं मागे जाते.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्या काळात गिरणीतला जावई मिळणं म्हणजे मुलीने नशीब काढलं असं म्हणत. पक्की नोकरी, महिन्याचा पगार, दिवाळीला बोनस. माझ्या आजोबांनी दुसरं काही विचारलं नाही. लग्न झालं आणि आई राहिली गावाला. वडील खानावळीत जेवायचे, गाळ्यात पंधरा-वीस जणांत पाठ टेकायचे आणि गणपतीला व शिमग्याला घरी यायचे. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा तेव्हा आई डोक्यावर पदर घेऊन ओटीवर यायची, जणू घरचंच माणूस आलंय. भातशेती तिची, गुरं तिची, सासूचं आजारपण तिचं, आम्ही तिघं भावंडं तिची. एकदा मी विचारलं होतं, ‘आई, तुला बाबांचा राग येत नाही?’ ती म्हणाली, ‘बाय, राग येयाला माणूस समोर तर हवा.’

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातल्या कितीतरी घरांत कोकणातले नवरे, दीर, भाऊ होते. वडील वर्षभर वाट बघून एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आले. मी तेव्हा ११ वर्षांची. ज्या नोकरीशी माझ्या आईचं लग्न लावलं होतं ती नोकरी गेली आणि घरात एक अनोळखी माणूस राहायला आला. त्यांची एकमेकांशी ओळख व्हायला पुढची दोन-तीन वर्षं गेली. मग मात्र त्यांचं छान जमलं. पण लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ बायका मोजल्या गेल्या, सिंधुदुर्गात १,०३६. अख्ख्या महाराष्ट्रात हजाराच्या वर असलेले हे दोनच जिल्हे. आणि त्याच दहा वर्षांत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. भाषणांतून या १,१२२ चा कौतुकाने उल्लेख होतो, कोकणात मुलींना मान आहे म्हणून. मला त्या आकड्यात माझी आई दिसते. नवरा मुंबईला, बाई गावाला, असं पिढ्यान् पिढ्या चालल्याचा तो हिशेब आहे. आणि आजही गावात राहणारा, धडधाकट, बाग सांभाळणारा मुलगा बिनलग्नाचा राहतो, कारण त्याचा पत्ता चुकीचा आहे.

वडिलांनी माझ्या लग्नाच्या वेळी वेगळं केलं. १९९२ साल. कोकण रेल्वेची मोजणी आणि कामं चालू होती. ज्याच्या त्याच्या तोंडी तीच गोष्ट, आता रेल्वेत लागतील मुलं. मला रेल्वेतल्या कंत्राटदाराकडे कामाला लागलेल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं आणि एक या बागायतदाराचं. वडील आधी या घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, ‘चल, तुझी बाग दाखव.’ मार्च महिना, आंबा काढायला सुरुवात झालेली. दिवसभर त्याच्यामागे फिरले. झेला, म्हणजे काठीला बांधलेली जाळी, लावून एकेक फळ देठासकट कसं उतरवतो ते बघितलं. मोहरावर तुडतुडा आलाय हे कशावरून ओळखतोस, विचारलं. गड्यांशी कसा बोलतो ते ऐकलं. दुपारी भाकरी खाताना विचारलं, ‘बाग फसली त्या वर्षी काय केलंस?’ तो म्हणाला, ‘चिऱ्याच्या खाणीवर सहा महिने मुकादमी केली. लाज नाही वाटली.’ शेवटी वडिलांनी विचारलं, ‘माझी मुलगी दहावी झाली आहे, गणितात हुशार आहे. ती तुझ्याकडे येऊन काय करेल?’ त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘हिशेबात मी कच्चा आहे. त्या बघणार असतील तर वही त्यांच्या हातात.’

रात्री वडील घरी येऊन आईला म्हणाले, ‘हा दे.’ पत्रिका नंतर पाहिली.

ती वही आजही माझ्याकडे आहे. म्हणजे आता तशा ३० वर झाल्या. आणि त्यांत मी काही लपवलेलं नाही, म्हणून मुलींच्या आई-वडिलांना सांगते, आंब्याचा धंदा सोपा नाही. एक वर्ष कलमं लागतात, पुढच्या वर्षी मान फिरवून उभी राहतात. थंडी उशिरा पडली तर मोहर उशिरा, मोहरावर पुन्हा मोहर आला तर बारीक फळ गळून जातं, वर थ्रिप्स, वर अवकाळी. वाशीच्या मार्केटला पेट्या गेल्या की आडत, हमाली, भाडं वजा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काय येईल ते पट्टी आल्यावरच कळतं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळा आंबा खाली. कॅनिंगवाल्यांनीही हात वर केले. पण त्याच्या आदल्या वर्षी, २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत सगळं ठप्प असताना माझ्या मुलाने रात्र-रात्र फोनवर बसून पुण्यातल्या सोसायट्यांच्या ऑर्डरी घेतल्या, वाहतुकीचे पास काढले आणि थेट दारात पेट्या पोचवल्या. त्याच सुमारास पक्क्या नोकरीतली कितीतरी मुलं मुंबईहून गावी आली, शाळांमधून १४ दिवस राहिली, आणि त्यांतल्या काहींच्या नोकऱ्या परत मिळाल्याच नाहीत. त्यांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. त्यांना डबे देणाऱ्यांत मीही होते. गिरणी काय, रेल्वे काय, आखात काय, आयटी काय, लग्नाच्या दिवशी जी नोकरी पक्की वाटते ती चाळीस वर्षं तशीच राहत नाही. मग फॉर्मवर ‘पगार किती’ याच्याबरोबर ‘वाईट वर्षी काय केलं’ हे विचारायला काय हरकत आहे?

मुलाने कृषी पदवी घेतली आहे, दापोलीच्या विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या कॉलेजातून. जुनी कलमं छाटून त्याने पुन्हा तरुण केली. त्याच्या फॉर्मवर हे सगळं लिहायला जागा नव्हती. ‘शेती’ या दोन अक्षरांत ते सगळं गेलं.

आता जे लिहायचं आहे ते माझ्या बाजूच्या लोकांना, मुलांच्या आई-वडिलांना लिहायचं आहे, आणि ते लिहायला मला जड जातंय.

मुली शेतकऱ्याला नाही म्हणतात, गावाला नाही म्हणतात, म्हणून आपण बैठकीत त्यांना नावं ठेवतो. शहराची चटक लागली म्हणतो. मी १९९२ पासून या घरात आहे. पहाटे पाचला चूल पेटते. सीझनला बागेत नेपाळी गडी असतात, त्यांचं जेवण, त्यांचा चहा. दुपारभर पडवीत बसून आंब्याची वर्गवारी, वजनाप्रमाणे, डाग बघून, पेंढ्यात थर लावून पेटी भरायची. रात्री गाडी आली की पेट्या मोजून द्यायच्या. मग वही. आणि पावसाळ्यात शेत. यातल्या एकाही दिवसाचा पगार मला कुणी दिला नाही आणि मीही मागितला नाही. आमच्या यांचं मन मोठं आहे, पैशाला कधी अडवलं नाही. तरी पैसे मागावे लागले, हेही खरंच. मेळाव्यात मुलाचा फॉर्म टेबलावरच्या मुलाने माझ्या सांगण्यावरून भरला. वडिलांचा व्यवसाय त्याने विचारला, बागायतदार म्हणून लिहिलं. आईचा विचारलाच नाही. त्याने आपणहून लिहून टाकलं, ‘गृहिणी’. मी ते वाचलं आणि मला कळलं, मुली कशाला घाबरतात ते. त्यांना शेती नको आहे असं नाही. त्यांना बिनपगारी, बिननावाची शेती नको आहे. सातबारावर नाव नाही, बँकेत खातं नाही, फॉर्मवर ‘गृहिणी’. कोणती शिकलेली मुलगी हे बघून हो म्हणेल?

आणखी एक कबूल करायचं आहे. दोन वर्षांपूर्वी मुलासाठी एक मुलगी सांगून आली होती. रत्नागिरीला नर्स. मुलगा भेटून आला, त्याला आवडली होती, हे मला त्याच्या चालण्यावरूनच कळलं. आणि मी म्हटलं, ‘रात्रपाळी करणारी मुलगी घर कधी बघणार?’ बास. एवढंच. मुलगा काही बोलला नाही, उठून बागेत गेला. तिचं लग्न झालं, सुखात आहे असं ऐकते. माझ्या ओटीवर बसून माझ्या मुलीला जे ऐकावं लागलं, तेच मी त्या मुलीला घरबसल्या ऐकवलं होतं, तिच्या पाठीमागे. हे मला ‘सोळा हजारच ना’ ऐकेपर्यंत समजलं नाही. त्या मुलीची आणि माझ्या मुलाची, दोघांची मी अपराधी आहे.

दोघांची कामं एका घरात कशी मावतात, याची उदाहरणं आपल्याच आसपास आहेत. आमच्या जवळच्या बंदरावर एक जोडपं आहे. तो समुद्रावर जातो, ती आशा सेविका. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा स्वयंपाक, पोरांची शाळा, म्हातारीची औषधं सगळं तो बघतो, आणि नेमकं तेव्हाच साथीच्या दिवसांत तिला घरोघर फिरावं लागतं. लग्नाआधी दोघं त्यावर बोलले होते, असं ती मला म्हणाली. कोणत्या महिन्यात कुणाला किती काम, हे त्यांनी कॅलेंडर समोर ठेवून बघितलं होतं. सरकारी बदल्यांच्या नियमांतसुद्धा ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ असा शब्द आहे. दोघं नोकरीत असली तर त्यांना जवळजवळ ठेवायचा विचार करावा, हे कागदावर लिहिलेलं आहे. तेवढा विचार सरकार करतं, आणि आपण दोन घरची माणसं समोरासमोर बसून करत नाही.

मंडळाकडे माझं मागणं आहे. मुलींच्या फॉर्मवरची ती ओळ काढून टाका. काढायची नसेल तर मुलांच्या फॉर्मवरही घाला, शब्दशः तीच : लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी आहे का. किती मुलं तिथे पेन थांबवतात ते बघा. दोघांचाही कामाचा रकाना सारखा मोठा करा. काय काम, कुठे, दिवसाचे किती तास, पाळी असते का, बदली होते का, कोणत्या महिन्यांत जास्त, पुढच्या पाच वर्षांत काय करायचं मनात आहे, हे लिहायला जागा द्या. दोघांनाही विचारा, जोडीदाराच्या कामासाठी तुम्ही काय बदलायला तयार आहात. आणि माईकवर मुलीची नोकरी वाचा. स्थळं मागे सरली तर सरू देत. जी सरतात ती लग्नानंतर समजण्यापेक्षा आधी समजलेली बरी.

बागायतदार मुलांच्या घरच्यांना माझी विनंती, पाच वर्षांचा हिशेब दाखवा. चांगल्या वर्षाचा एकटा आकडा सांगू नका, मुलीचे वडील तो ऐकून हसतात. वाईट वर्षही दाखवा आणि ते कसं काढलंत ते सांगा. सुनेचं काम काय असेल, त्याचे पैसे तिच्या खात्यात कसे जातील, हे बैठकीत बोला. सातबारावर बायकोचं नाव लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे, नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो. आमच्या यांना मी परवा जेवताना सांगितलं. ते म्हणाले, ‘इतकी वर्षं बोलली का नाहीस?’ आणि सोमवारी सकाळी कागद घेऊन गेले. मुलानेही सांगितलंय, लग्न ठरलं की त्याच्या वाटणीच्या कलमांसाठी तो हाच अर्ज देणार आहे, मुलगी नोकरी करणारी असो की बागेत येणारी असो.

मुलींच्या आई-वडिलांना एवढंच म्हणेन, माझे वडील गिरणीतून रिकाम्या हाताने आलेले, शिक्षण सातवी. त्यांना जर एक दिवस काढून बाग बघायला जाता आलं, तर तुम्हालाही येईल. पुण्यातल्या मुलाचं ऑफिस बघता आलं नाही तर त्याला विचारा, रात्री किती वाजता घरी येतो, स्वतःचा डबा कधी भरलाय का, नोकरी गेली तर काय करेल. माझ्या मुलीला बघायला येणाऱ्यांनी आधी तिच्या शाळेत या. वाडीचा रस्ता कच्चा आहे, पण गाडी जाते. १४ मुलं ओळीने उभी राहून ‘नमस्ते’ म्हणतील.

आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत असलेल्या विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पुढे १९१६ साली त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं. त्यांची तसबीर त्या दिवशी मेळाव्याच्या स्टेजवर होती, हार घातलेली. माझी मुलगी तिच्या शेजारी उभी होती, हातात गुलाबी फॉर्म घेऊन. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

पुढच्या मेळाव्याला आम्ही येणार आहोत. मेळावा फेब्रुवारीनंतर असला तर मुलगा येणार नाही, तेव्हा बाग लागलेली असते. मुलगी रविवार असेल तर येईल. दोघांचे फॉर्म या पत्रासोबत परत पाठवले आहेत. मुलीच्या फॉर्मवरची ती ओळ मी काट मारून खोडली आहे आणि तिच्या जागी तिने स्वतः आपलं काम सहा ओळींत लिहिलं आहे. तेवढं माईकवर वाचा. मुलाच्या फॉर्मवर मागच्या बाजूला पाच वर्षांचा हिशेब आहे. आणि त्यावर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ खोडून मी माझ्या हाताने लिहिलंय, आंबा बागायतदार. तो शब्द फॉर्मवर राहू द्या.

आपली,
राजापूर तालुक्यातली एक आई